चाखायले भेटनार नाई

दमयंतीबाई रामटेके कोणत्याही लहान मुलाच्या गालाला हात लावण्याआधी स्वतःची बोटं हुंगत. अगदी नकळत. उजवा हात नाकाशी जायचा, क्षणभर थांबायचा, आणि मगच पोराचा गालगुच्चा घेतला जायचा. धानोऱ्याला मी नवा होतो तेव्हा मला वाटलं, बाईंना तपकिरीची सवय असावी. तसं विचारलंही. त्या एवढ्या मोठ्यानं हसल्या की पंचायत समितीच्या व्हरांड्यात झोपलेलं कुत्रं उठून दुसरीकडे गेलं.

"मिरची, साहेब," त्या म्हणाल्या. "अकरा वर्सं तेलंगणात मिरची तोडली. एकदा तोडून आली अन् तसाच हात पोरीच्या डोयाले लागला. दोन दिवस पोरगी डोया उघडे नाई. आता मिरची सोडून सात वर्सं झाली, पन बोटाईचा भरोसा नाई येत."

त्या पंचायत समितीत मी विस्तार अधिकारी होतो. तालुक्यात उद्योग वाढवणं हे माझं काम आहे, असं निदान टेबलावरची पाटी तरी म्हणायची. तालुक्यातले उद्योग म्हणजे एक धानाची गिरणी, दोन पिठाच्या चक्क्या आणि दमयंतीबाई. गिरणी आणि चक्क्या माझ्याशिवाय मजेत चालल्या होत्या. दमयंतीबाई मात्र दर मंगळवारी माझ्यासमोर येऊन बसत.

बुटक्या, काळ्यासावळ्या, पन्नाशी ओलांडलेल्या. चष्म्याच्या काडीला दोरा, पायात नवऱ्याच्या मापाच्या सँडल. ऑफिसात मला 'साहेब' म्हणायच्या आणि फाटकाच्या बाहेर पाऊल पडलं की 'बाबू'. माझी खोली त्यांच्या घरासमोरच होती, त्यामुळे दिवसातून चार-पाच वेळा माझी बढती आणि घसरण होत असे.

त्यांचं हत्यार एकच होतं, 'मंग?'. मी सांगायचो, बाई, या योजनेत मोहफूल बसत नाही. त्या म्हणायच्या, "बरं. मंग?" मी सांगायचो, वरून पत्र आलेलं नाही. "बरं. मंग?" यात राग नसे, टोमणाही नसे. पुढची पायरी कुठली, एवढंच त्यांना हवं असे, आणि सरकारी माणसाला नेमकं तेच सांगता येत नाही. त्यांच्या 'मंग'मुळे मी जेवढे नियम वाचले तेवढे खात्याच्या परीक्षेसाठीही वाचले नव्हते.

धानोऱ्यापासून थोडं आत येरमटोला नावाचं गोंडांचं गाव आहे. तिथल्या बायकांबरोबर त्यांनी मोहफुलाच्या लाडवांचा गट काढला होता. या बायका त्यांना भेटल्या त्या मिरचीच्या शेतात. एकाच प्लॅस्टिकच्या ताडपत्रीखाली अकरा हंगाम झोपलेल्या बायका. धानाची कापणी संपली की मुकादमाची गाडी फाट्यावर येते, नावं लिहून घेते, आणि बायका लेकराबाळांसकट तेलंगणात जातात ते उन्हाळा तापेपर्यंत. येरमटोल्याची शाळा त्या दिवसांत ओस पडते. मास्तर बिचारे उरलेल्या दोन-तीन म्हाताऱ्यांशी गप्पा मारत बसतात. आणि नेमक्या त्याच दिवसांत जंगलात मोह पडायला लागतो.

"मले दुसरं काई नको," दमयंतीबाई मला पहिल्याच मंगळवारी म्हणाल्या होत्या. "माह्या बाया मिरचीले जाऊ नाई. फूल इथी पडते अन् वेचनारी तिथी असते, हे कोनतं गनित हाय, साहेब?"

गणित सोपं नव्हतं. गटाचे लाडू चविष्ट होते, पण सगळा माल दिवाळीपर्यंत संपायचा आणि गावातल्या सहा-सात बायकांच्या वर कुणाला काम पुरायचं नाही. बाकीच्यांना थांबवायचं तर मोठं गिऱ्हाईक हवं होतं. ते धानोऱ्याच्या बाजारात येणार नव्हतं.

अशात एक दिवस जाडजूड, गुळगुळीत कागदावरचं इंग्रजी पत्र जिल्ह्याहून आमच्याकडे आलं आणि या टेबलावरून त्या टेबलावर फिरत शेवटी माझ्या टेबलावर येऊन थांबलं, कारण पुढे टेबलच नव्हतं. हैदराबादला लहान उद्योजकांची आंतरराष्ट्रीय परिषद होती. देशोदेशीचे छोटे व्यावसायिक येणार, मोठे खरेदीदार येणार, प्रत्येकाला एक स्टॉल आणि मंचावर तीन मिनिटं मिळणार. तालुक्यातून एक उद्योजक आणि सोबत एक भाषांतर करणारा पाठवायचा होता. मी दमयंतीबाईंचं आणि भाषांतराला माझं नाव लिहिलं आणि पत्र घेऊन अक्षरशः धावत रस्ता ओलांडला.

दमयंतीबाई अंगणात तांदूळ पाखडत होत्या. मी एका दमात सगळं सांगितलं.

"इंटरनॅशनल म्हंजे किती देश?"

"वीसेक तरी असतील."

"बरं. मंग? निघाचं कवा?"

सूप तसंच टाकून त्या येरमटोल्याला निघून गेल्या. कोंबड्यांनी त्या दिवशी चंगळ केली.

परिषद मार्चच्या मध्याला होती. मोह नुकता पडायला लागला होता. लाडू शिल्लक नव्हते म्हणून गटाच्या ज्या बायका मिरचीला गेल्या नव्हत्या त्यांनी नव्या फुलांतली निवडक फुलं वेचली, उन्हात सुकवली आणि एका मोठ्या काचेच्या बरणीत भरली. गटाची सगळ्यात वडील बाई चैतीबाई उसेंडी. तिनं बरणीच्या तोंडाला फडकं बांधलं, गाठीवर लाख वितळवून ओतली आणि वरून आपला अंगठा दाबला. मला वाटलं, सजावट असेल. प्रदर्शनात छान दिसेल, असंही मी म्हणालो.

चंद्रपूरच्या रस्त्याला आमची बस सूरजागडच्या लोहखनिजाच्या ट्रकांमागे रांगत होती आणि बाई बरणी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. फडक्यातून मोहाचा तो गोड, दाट, डोकं जड करणारा वास सगळ्या बसभर पसरला होता. कंडक्टर दोनदा येऊन संशयानं बघून गेला. बल्लारशाच्या फलाटावर गाडीची वाट बघताना माझ्याच्यानं राहवेना. म्हटलं, बाई, एक फूल द्या की.

"नाई भेटत," बाई म्हणाल्या.

"एकच."

"अजून पंडुम नाई झालं, बाबू."

तेव्हा मला कळलं. येरमटोल्यात नवं फूल आलं की आधी गावचा सण होतो, पंडुम. गायता, म्हणजे गावचा पुजारी, दिवस ठरवतो, गाव जमतं, फूल आधी देवाला दिलं जातं, आणि मगच ते माणसाच्या तोंडात जातं. त्याआधी कुणी चाखायचं नाही. या वर्षी गायत्यानं सण परिषदेनंतरच्या आठवड्यात धरला होता. बायकांनी फुलं दिली होती ती या शब्दावर, की ही बरणी दाखवायची, पण त्यातलं कुणाच्या तोंडात जाऊ द्यायचं नाही.

मी फलाटावरच्या बाकावर मटकन बसलो. आम्ही आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात एक अशी खाण्याची वस्तू घेऊन चाललो होतो, जी कुणालाही खायची परवानगी नव्हती.

"बाई, तुम्ही तर बौद्ध. तुम्ही देव मानत नाही, दिव्याला हात जोडत नाही."

"मी कुठी मानतो? बाया मानतात. अन् फुलं बायाईची हायेत."

"पण तिथे कोण बघायला येणार आहे?"

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "मी नाई का तिथी?" एवढंच म्हणाल्या आणि माझ्या हातात शेंगदाण्याची पुडी ठेवली. भाषांतरकाराची समजूत अशी काढली गेली.

हैदराबादच्या त्या सभागृहात शिरलो आणि मी माझा राग विसरलो. काय थाट होता! दोन्ही बाजूंना स्टॉलच्या रांगा, रंगीबेरंगी झगे, पागोट्या, टोप्या, दहा प्रकारचे वास आणि वीस प्रकारच्या भाषा. घानाहून आलेली एक धिप्पाड बाई बियांचं लोणी विकत होती. सुदानचा एक माणूस डिंकाचे खडे काचेच्या कपाटात हिऱ्यासारखे मांडून बसला होता. भूतानची पोरं कागद बनवत होती. आमच्या उजव्या हाताला ट्युनिशियाची जमीला, ऑलिव्हचं तेल घेऊन. पंचेचाळिशीची, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, हात दमयंतीबाईंच्या हातांसारखेच राकट. दोघींनी एकमेकींचे हात पाहिले आणि ओळख झाली. भाषा एकीलाही दुसरीची येत नव्हती, पण दहा मिनिटांत जमीलाचा खजूर आमच्याकडे आणि आमचा चिवडा तिच्याकडे पोचला होता.

बाईंना थोडी तेलुगू येत होती. 'पाणी कुठे आहे', 'आज किती ओळी' आणि 'लवकर उचला' एवढी. ही मिरचीच्या शेतातली तेलुगू त्यांनी पंचतारांकित सभागृहात बेधडक वापरली. जेवणाच्या रांगेत पुढे सूटबुटातला कोणी रेंगाळला की त्या गोड हसून 'लवकर उचला' म्हणत. वाढपी खूश होऊन त्यांच्या ताटात दुप्पट वाढायचे. लोक व्हिजिटिंग कार्डं देत. बाई प्रत्येक कार्डाच्या मागे पेन्सिलीनं खूण लिहून ठेवत. 'लंबा, दात पुढं.' 'खजूरवाली, हात माह्यासारखे.' 'लय बोलते, काई देत नाई.'

तेवढ्यात गळ्यात पट्टा अडकवलेली एक तरुण संयोजक मुलगी कागदी वाट्या आणि टूथपिक घेऊन आली. खाण्याच्या प्रत्येक स्टॉलवर चवीला नमुना ठेवणं आवश्यक आहे, असं तिनं सांगितलं. बाईंनी वाट्या परत केल्या. मुलीनं माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

"पाटी लिहा, साहेब," बाई म्हणाल्या. सभागृह बहुधा त्यांच्या हिशेबी ऑफिसात मोडत होतं.

मी इंग्रजीत मोठ्या अक्षरांत पाटी लिहिली. बाईंनी खाली आपल्या हातानं भर घातली: 'चाखायले भेटनार नाई.'

आणि मग गंमत झाली. ज्या सभागृहात दर दोन पावलांवर कोणीतरी तुमच्या तोंडात काहीतरी कोंबत होतं, तिथे एकाच ठिकाणी नकार मिळत होता. लोक त्या पाटीजवळ थबकायला लागले. वाकून फडक्याचा वास घ्यायला लागले. वासानं त्यांची भूक खवळायची आणि पाटी वाचून ते हिरमुसायचे. का नाही, असं विचारायचे. मी सांगायचो. दुपारपर्यंत मी ती गोष्ट चाळीस वेळा सांगितली असेल, आणि दर वेळी ती जास्त रंगत गेली. तिसाव्या वेळी तर माझा स्वतःचाच आवाज भरून आला. घानाच्या बाईनं गोष्ट ऐकून दोन्ही हात हवेत उडवले. त्यांच्याकडेही नव्या कंदाचं असंच असतं म्हणे, सणाआधी चाखलं तर आजी झोडपते. आमच्यासमोर रांग लागली. लोक बरणीबरोबर फोटो काढून घेत होते. मी आनंदानं वेडा व्हायचा बाकी होतो. बाई, जिंकलो आपण, असं मी त्यांच्या कानात सांगितलं.

"कोनी घेतलं का काई?" त्यांनी विचारलं.

चार वाजता एक उंच गृहस्थ आले. देशोदेशी सुकामेवा पाठवणारा हैदराबादचाच मोठा व्यापारी. कार्डाच्या मागे नंतर 'लंबा, दात पुढं' लिहिलं गेलं ते हेच. त्यांनी शांतपणे सगळं ऐकलं. पाटी वाचली. फडक्याचा वास घेतला आणि डोळे मिटले. मग बरणी उचलून उजेडाकडे धरली, हळूच एका बाजूला कलती केली.

बरणीच्या तळाशी बोटभर वाळू जमली होती. वाळू आणि काळपट राख. बसनं आणि रेल्वेनं हलवून हलवून फुलांतली सगळी खाली बसली होती.

"बाई, मी न चाखता माल घेईन," ते हिंदीत म्हणाले. "वासावरून मला कळलं. पण वाळू मी घेत नाही. माझं गिऱ्हाईक दाताखाली वाळू आली की परत येत नाही."

"मंग?" बाईंनी विचारलं. आवाज जरा खाली आला होता.

"मग स्वच्छ फूल आणा. मी इथेच आहे. जेवढं असेल तेवढं घेईन."

ते गेले. बाई बरणीकडे बघत बसल्या. मला उगाचच अपराधी वाटलं. मोह झाडावरून तोडत नाहीत. तो पहाटे आपल्या मनानं पडतो, आणि पडतो तो जमिनीवर. पाचोळ्यात फूल दिसत नाही म्हणून लोक झाडाखालचा पाचोळा जाळतात. तिथून ती राख आणि तिथूनच ती वाळू. आजवर सगळ्यांनी असंच वेचलं होतं. त्या संध्याकाळी जेवताना बाईंनी रांगेत कुणालाही 'लवकर उचला' म्हटलं नाही. वाढप्यानं मला विचारलं, अम्माला बरं नाही का?

दुसऱ्या दिवशी मंचावरची तीन मिनिटं होती. मी बाईंसाठी भाषण लिहून दिलं होतं. त्यात 'सक्षमीकरण' तीनदा आणि 'शाश्वत' चारदा आलं होतं. बाईंनी ते तोंडपाठ केलं होतं. आधीच्या वक्त्यांनी आलेख दाखवले, टाळ्या घेतल्या. आमचं नाव पुकारलं. बाई बरणी काखेत घेऊन, नवऱ्याच्या सँडल वाजवत मंचावर गेल्या. मी दुसऱ्या माइकपाशी उभा राहिलो.

त्यांनी माझा कागद उघडला, बघितला, चार घड्या घातल्या आणि कमरेला खोचला.

"मी काल विकायले आली होती," त्या म्हणाल्या. "आज विचारायले आली." त्यांनी बरणी कलती करून तळाची वाळू दाखवली. "माह्या झाडाचं फूल खाली पडते. खाली माती हाय. तोडता येत नाई, पडल्याबिगर घेता येत नाई. तुमच्याकडं बी कोनाचं काई खाली पडत असन. तुमी कसे वेचता? ज्याचं खाली पडते त्यानं हात वर करा."

मी भाषांतर केलं. अशा ठिकाणी कोणी प्रश्न विचारत नाही. सगळे उत्तरंच घेऊन आलेले असतात.

मग घानाच्या बाईचा हात वर गेला. मग सुदानवाल्याचा. मग मागच्या रांगेतून एक, डावीकडून दोन, भूतानच्या एका पोराचा, कोकणातून आलेल्या एका काजूवाल्याचा. बघता बघता अर्ध्या सभागृहाचे हात वर! आणि तीन मिनिटांची घंटा वाजली त्याच क्षणी जमीला खुर्चीवरून उठून ओरडत मंचाकडे निघाली. संयोजक मुलगी आडवी आली तर तिला तिनं कोपरानं बाजूला सारलं. वर येऊन तिनं आपला मोबाइल बाईंच्या डोळ्यांपुढे धरला.

फोटोत ऑलिव्हची झाडं होती, आणि प्रत्येक झाडाखाली पसरलेली जाळी.

बाईंनी दोन बोटांनी फोटो मोठा केला. आणखी मोठा केला. जाळीचे कोपरे बघितले, दोऱ्या कुठे बांधल्यात ते बघितलं. मग माइक समोर आहे हे विसरून त्या ओरडल्या, "अगं माय! जाळी! साहेब, जाळी! जमिनीवर पडूच द्याचं नाई!"

याचं भाषांतर मी केलं नाही. करायची गरजच नव्हती, सगळं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं. त्या दोघी तिथेच मंचावर मांडी घालून बसल्या, मध्ये मोबाइल ठेवून. घानावालीही येऊन बसली. पुढच्या वक्त्याला त्यांना वळसा घालून माइकपाशी जावं लागलं. मला आजही वाटतं, त्या परिषदेत खरी परिषद तेवढीच झाली.

परतीच्या गाडीत बाई रात्रभर मुलांच्या वहीच्या कागदावर जाळ्या काढत होत्या. बरणी माझ्या मांडीवर होती. लाख शाबूत होती.

येरमटोल्यात पोचलो तेव्हा बायका चैतीबाईच्या अंगणात जमल्या होत्या. दमयंतीबाईंनी आधी काही सांगितलं नाही. बरणी चैतीबाईच्या हातात दिली. म्हातारीनं फडकं चाचपलं, गाठीवरच्या लाखेवर आपला अंगठा ठेवून बघितला. अंगठा त्याच खळग्यात बसला. तिनं बरणी पुढच्या बाईकडे दिली. तिनंही बघितली, तिच्या पुढचीनंही. सगळीकडून फिरून बरणी आत गेली. मग चैतीबाई म्हणाली, "हं, आता सांग."

पंडुमच्या दिवशी मला नेमकी जिल्ह्याला मीटिंग लागली. चाखायचं माझं राहूनच गेलं.

जाळीचा पहिला प्रयोग जुन्या लुगड्यांचा. चार लुगडी शिवून झाडाखाली बांधली. दवानं ती भिजली आणि फुलं चिकटून काळी पडली. तिसऱ्या दिवशी अस्वलानं आयतं वाढलेलं ताट समजून वरची फुलं खाल्ली आणि लुगडी फाडून गेलं. "त्याले बी आवडलं," बाई म्हणाल्या. "मंग?"

मग त्या वडशाला गेल्या. तिथे सत्तारभाई नावाचे त्यांच्या ओळखीचे मंडपवाले होते. झाडीपट्टीच्या नाटकांना मंडप पुरवायचे, आणि मंडपाच्या बाजूंना बांधायला त्यांच्याकडे ढीगभर हिरवी बारीक जाळी होती. होळीच्या सुमारास नाटकं संपतात, जाळ्या गोदामात पडून राहतात, आणि तेव्हाच मोह पडतो. हा मेळ इतका सरळ होता की आजवर कुणाला दिसला नव्हता.

"बाई, दारू त नाई ना काढनार?" सत्तारभाईंनी विचारलं. "मले वर जवाब द्याचा हाय."

"लाडू, भाऊ. लाडू."

"मंग भाडं बी लाडवातच द्या."

जाळी जमिनीपासून कमरेएवढी उंच, मध्ये झोळ देऊन बांधली. पहाटे मी मुद्दाम बघायला गेलो. वरून फुलं टपटप पडत होती आणि हिरव्या जाळीवरून घरंगळत मधोमध जमा होत होती. पिवळट, रसरशीत, निर्मळ. पाचोळा जाळायचं कारणच उरलं नव्हतं. बायका कमरेत न वाकता फुलं गोळा करत होत्या आणि हसत होत्या. दमयंतीबाई या झाडाखालून त्या झाडाखाली पळत होत्या. मला बघून त्यांनी लांबूनच हाक मारली, "बाबू, कंबर दुखून नाई राह्यली!"

त्या फुलांची नवी बरणी उंच गृहस्थांना पोचली. त्यांचं उत्तर दोन ओळींचं होतं. पुढच्या मोसमात अशीच फुलं असतील तर सगळी घेऊ.

पण पुढचा मोसम म्हणजे वर्षभरानंतर, आणि मुकादमाची गाडी त्याच्या दोन महिने आधी येते. खरी कसोटी ती होती. जानेवारीत तो वही घेऊन फाट्यावरच्या पिंपळाखाली बसला. मी गेलो होतो, पण अधिकारी म्हणून बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. कागदावर फक्त दोन ओळी होत्या आणि मिरचीचं काम दर वर्षी मिळणारं, हातचं होतं. दमयंतीबाई बाजूला उभ्या होत्या. त्यांनी भाषण केलं नाही. मला त्यांच्या कपाळावर घाम दिसत होता.

"लंबा माणूस नाई आला तं?" एका तरुण बाईनं विचारलं. कडेवर लेकरू होतं.

पहिल्यांदाच दमयंतीबाईंना 'मंग' म्हणता आलं नाही. "मले माहीत नाई, बाई," त्या म्हणाल्या. "मी खोटं नाई सांगत."

मुकादमानं वही पुढे सरकवली. तेव्हा चैतीबाई काठी टेकत उठली.

"हिनं बरनी तशीच आनली," ती म्हणाली. "इतक्या लोकाईत नेली, अन् तशीच आनली." आणि घराकडे चालायला लागली. तिचं नाव वहीत लागलं नाही. मग दुसरी निघाली, तिसरी निघाली, ती लेकरूवालीही निघाली. दोघीजणींनी नावं दिली, त्यांच्या घरी तशी अडचण होती. बाकी सगळं गाव थांबलं.

दमयंतीबाई पिंपळाच्या पारावर खाली बसल्या आणि पदरात तोंड घालून रडल्या. मी त्यांना तेवढंच एकदा रडताना पाहिलं.

मार्चअखेरीस माझी बदली झाली. सकाळच्या गडचिरोली बसनं निघालो. बाईंचं दार बंद होतं, त्या पहाटेच येरमटोल्याला गेल्याचं शेजारणीनं सांगितलं. निरोप राहिला म्हणून मी खट्टू होऊन खिडकीशी बसलो.

येरमटोल्याच्या फाट्यावर बस थांबली. समोर मुकादमाची गाडी उभी होती, दुसऱ्या तोडणीसाठी माणसं न्यायला आलेली. ड्रायव्हर हॉर्न वाजवून वाजवून थकला होता. रस्त्याच्या पलीकडे मोहाखाली हिरव्या जाळ्या बांधलेल्या, त्यांच्याभोवती बायका, आणि शाळेत जायच्या आधी फुलं वेचणारी पोरं. पंडुम आदल्याच दिवशी झालं होतं. दमयंतीबाई हातात पानाचा द्रोण घेऊन गाडीपाशी उभ्या होत्या.

"कोनी येत नाई गा. बाया काम करून राह्यल्या," त्यांनी ड्रायव्हरला सांगितलं आणि द्रोण पुढे केला. "तू आला तं खाऊन जा."

ड्रायव्हरनं दोन फुलं तोंडात टाकली, मान हलवली आणि रिकामी गाडी वळवली.

मग त्यांना बसच्या खिडकीत मी दिसलो. सँडल वाजवत त्या धावत आल्या. "बाबू! न सांगता चालला का गा?" कंडक्टरनं घंटी मारली होती. बोलायला वेळच नव्हता. त्यांनी उजवा हात नाकाशी नेला, बोटं हुंगली, क्षणभर थांबल्या. मग द्रोणातलं एक फूल उचलून खिडकीतून सरळ माझ्या तोंडात घातलं.

"आता चाख," त्या म्हणाल्या.

बस निघाली. मी फूल चावलं. गोड होतं, आणि दाताखाली काहीही करकरलं नाही.